हिवाळा अजून संपलेला नाही

कुताइसीच्या वाचनालयात माझं काम एवढंच:
परत आलेल्या पुस्तकांच्या समासातलं
पेन्सिलीचं लिखाण खोडायचं.
सदतीस वर्षं.
संध्याकाळी मांडीवरचा चुरा झटकायचा
आणि रिओनीवरच्या पुलावरून घरी.

इतर पुस्तकांत लोक फारसं लिहीत नसत.
एखादा फोन नंबर, एखादा जर्दाळूच्या मुरंब्याचा डाग.
पण बकऱ्यांची ती गोष्ट!
सगळ्या मिळून लांडग्याला हुसकावतात
आणि मिठाच्या खडकाची राखण
एका बोकडाकडे देतात, फक्त हिवाळ्यापुरती.
मग बर्फ वितळतं, बदाम फुलतात,
आणि बोकड खडकावर उभा राहून सांगतो:
हिवाळा अजून संपलेला नाही.

ते पुस्तक दर खेपेला काळवंडून यायचं.

वजनमाप खात्याचे इप्पोलिते, लाल पेन्सिल, ठाशीव अक्षर:
‘बोकडाचं काय चुकलं? कुणीतरी राखायला हवंच.’
एका शाळकरी पोरानं चित्रातल्या दाढीला
शिट्टी अडकवली होती,
खाली व्यायामाच्या मास्तरांचं नाव.
कुणी लिहिलं, ‘खाल्ल्या मिठाला जागा.’
त्याखाली दुसऱ्या हातानं, बारीक:
‘मीठ कुणाचं?’

एकेचाळीसाव्या पानावर शब्द नव्हता.
‘त्या रात्रीनंतर करड्या बकरीचं नाव कुणी घेतलं नाही’
या ओळीखाली इतकी दाबून रेघ
की कागद फाटलेला.
ती मला खोडता आली नाही.
मागून पातळ कागद चिकटवला.

सरकारं गेली, आली, रस्त्यांची नावं दोनदा बदलली.
प्रत्येक नव्या वाचकाला पक्कं ठाऊक होतं
की बोकड म्हणजे नुकताच गेलेला तो.
आत्ता खडकावर कोण आहे
हे लिहिणारेही असायचे, नाही असं नाही,
पण इतकं पुसट लिहायचे
की माझं काम त्यांनीच करून ठेवलेलं.

राचाच्या डोंगरातून चीज विकायला येणाऱ्या गुगुलीला
मी एकदा सगळी गोष्ट वाचून दाखवली.
ती खो खो हसली.
‘बोकड मीठ चाटतो आणि चालू लागतो, बाई.
उरलेलं राखत बसायला त्याला वेड लागलंय?
लिहिलंय माणसावर,
बदनामी माझ्या जनावरांची.’

आता लामाराचं सांगते.

मधली काही वर्षं ते पुस्तक कुलपात होतं.
किल्ली माझ्या गळ्यात.
लामारा पंधराची, दर गुरुवारी यायची,
ओले बूट दाराशी काढून, मोज्यांवर,
आणि विचारायची, मिळेल का?
मी चष्म्यावरून पाहायचे. म्हणायचे,
अजून नाही. जरा मोठी हो.

बंदी उठल्याचं पत्र मार्चमध्येच आलं होतं.
माझ्या खणात होतं, सुतळीच्या गुंडीखाली.
मला कुणी काही सांगितलं नव्हतं,
कुणी धमकावलं नव्हतं.
मला फक्त तिचं ते विचारणं आवडायचं.
दर गुरुवारी दुपारपासूनच
मी किल्ली पोलक्याच्या बाहेर काढून ठेवायचे,
दिसेल अशी.

नोव्हेंबरात ती यायची थांबली.
पोतीला गेली म्हणाले, बंदरात, मावशीकडे.

आज माझा शेवटचा दिवस.
पेन्सिलीला टोक काढलं, तेच पुस्तक उघडलं,
बोकडाच्या त्या वाक्याशेजारी
समासात जागा शोधली.
माझ्याच खोडण्यानं कागद तिथं इतका झिजलाय
की पलीकडची अक्षरं उलटी दिसतात.

लिहिलं: ‘किल्ली माझ्याकडे होती.’
खाली सही, पूर्ण नाव.

माझ्या जागी आलेली पोरगी कामसू आहे.
तिचं खोडरबर अजून कोरं, चौकोनी आहे.