सतरा बटाट्यांचा आलेख

चिलोएच्या पूर्वेला, नकाशावर शाई सांडल्यासारखं
एवढंसं आमचं बेट. पटावर सतरा मुलं.
पहिली ते सहावी एकच खोली,
एक फळा, एक शेगडी, एकटी मी.

पुस्तकातला धडा होता: माहिती गोळा करा.
चित्रातली मुलं एकमेकांना
आइस्क्रीमचे आवडते स्वाद विचारत होती.
आमच्या दुकानात स्वाद एकच,
तोही उन्हाळ्यात, बोट वेळेवर आली तर.
म्हटलं, प्रश्न तुम्हीच काढा.

बरीच भांडणं झाली.
येर्कोला विचारायचं होतं, भूत कुणी कुणी पाहिलंय.
पण ते सगळ्यांनीच पाहिलेलं;
एकच स्तंभ झाला असता, थेट छपरापर्यंत.
शेवटी माइतेचा प्रश्न टिकला:
सकाळी तुला कोण उठवतं?

रंगीत कागद संपले होते.
एदितानं घरून पोतं आणलं,
इथल्याच मातीतले बटाटे:
जांभळे, लालबुंद, काळेकुट्ट, काही करंगळीसारखे वाकडे.
जमिनीवर खडूची रेघ. एका मुलाचा एक बटाटा.

आई: सहा.
कोंबडा: चार.
मोबाइल: तीन, आणि ते तिघं जरा ताठ उभे राहिले.
लाँचचं इंजिन: तीन, तिघंही धक्क्याशेजारचे.

पण येर्कोनं इंजिनाच्या रांगेत
निवडून निवडून थोराड बटाटे लावले,
आणि तीन गेले चाराच्या वर.
कोंबडेवाले उसळले.
येर्को म्हणाला, कोंबडं झाकलं तरी उजाडतंच की, बाई.
मी म्हटलं, उजाडू दे. तू मोज.
उंची वेगळी आणि संख्या वेगळी
हे कळायला अर्धा तास गेला.
माझ्या ओळखीच्या काही मोठ्या माणसांना
अजून कळायचंय.

सोळा झाले.
रोसामेल हातातला बटाटा फिरवत उभा.
मी कुठं ठेवू? मला कुणी उठवत नाही.
मीच उठवतो.

बाप शिंपल्यांच्या तराफ्यांवर, पंधरा पंधरा दिवस.
आधी शेगडी; लाकडं ओली असली की रुसतात.
मग आजोबा. मग दोघी बहिणी, धाकटीला दोनदा.
पाढा म्हणावा तसं त्यानं सांगितलं,
कुठंही न अडखळता.

मी रेघेखाली 'इतर' लिहायला गेले.
'इ' झाला, आणि खडू थांबला.
माइते म्हणाली, 'मी' लिहा ना, बाई.

सहावीतल्यांना वृत्तालेख हवा होता.
तीनशे साठ भागिले सतरा:
एकवीस अंश, आणि मागे उरणारं काहीतरी.
कोनमापक धरून आखला त्याचा वाटा,
अंधारात, कुणाची झोप मोडू नये म्हणून
दार किलकिलं करावं, तेवढा.

मग रोसामेलनंच विचारलं,
आता उलटं करू या?
तू कुणाला उठवतोस?

सगळ्यांनी बटाटे उचलले.
त्यानं तीन ठेवले, नीट, एकाखाली एक.
एदितानं बराच विचार करून मांजरासाठी एक ठेवला,
मग परत घेतला. मांजरच तिला उठवतं, म्हणाली.
बाकी रेघ रिकामी.
चौदा जण हातात बटाटा घेऊन
आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

दुपारी आलेख उकडला.
पाणी जांभळं झालं, खिडक्यांवर वाफ धरली.
येर्कोनं थोराड तीनही खाल्ले
आणि मिठाच्या नावानं ओरडला.
पर्यवेक्षकांच्या तक्त्यात रकाना होता: आलेख जोडला आहे का?
मी लिहिलं: नाही. खाल्ला.

गुरुवारी आयेलेन उशिरा आली,
केस न विंचरता, धापा टाकत.
आज मी आईला उठवलं, बाई.
ती केवढ्यानं ओरडली!
तिला वाटलं, घराला आग लागली.

हात पुढे केला:
द्या माझा बटाटा.