गॅप

तहसीलच्या आवारात, कडुनिंबाखाली
टाइप करणाऱ्या गोमाजीनं न विचारताच लिहून टाकलं:
‘सदर सतरा वर्षांच्या कालावधीत
मी कोठेही शिक्षण घेतलेले नाही
व कोणतेही गैरकृत्य केलेले नाही.’
करा बाई सही. इथं. आन् इथं.

पेन जरा वेळ हातातच राहिला.
गैरकृत्याचं ठीक आहे,
एकदा सरकारी स्पिरिटानं घरचा आरसा पुसला होता,
तेवढंच.
पण पहिलं वाक्य?

सतरा वर्षं आरोग्य केंद्राच्या मागच्या खोलीत
खिडकीकडे तोंड करून
मी रक्ताच्या काचा पाहिल्या.
लाइट गेली की सूक्ष्मदर्शकाच्या आरशावर ऊन धरायचं,
ढग आला की थांबायचं.
थेंबभर रक्त, रंगवून वाळवलेलं,
त्याची शंभर फील्ड मोजायची
आणि मगच म्हणायचं: नाही.
हो म्हणायला एकदा दिसलं तरी पुरतं,
नाही म्हणायला शंभरदा पाहावं लागतं.
हे कुठल्या वर्गात शिकवतात, गोमाजी?

सही केली.
सुटे पाच रुपये नव्हते, त्यानं सोडून दिले.

संशोधन केंद्र म्हणजे तालुक्याच्या कॉलेजातली
वरच्या मजल्यावरची खोली.
बरणीतला साप तोच, मी बी.एस्सी.ला असतानाचा,
आता पार पांढरा पडलाय,
चिठ्ठीवरची शाई उडालेली.
‘याचं नाव शोधायला हवं,’ लांजेवार सर म्हणाले.
मला आठवत होतं. बोलले नाही.

सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.
ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर,
दोघंही दर वेळी जरासे अडखळतो.
‘आधी भरपूर वाचा, मॅडम,
आणि त्यात गॅप शोधा.
गॅप सापडली की अर्धं काम झालं.’
मला हसू आलं. त्यांना कळेना काऊन.
फायलीत पहिल्याच कागदावर होती,
शिक्क्यासकट.

कोर्सवर्कच्या बाकावर शेजारी चोवीस वर्षांची मुलगी.
तिची बोटं लॅपटॉपवर पाऊस पडल्यासारखी,
माझी अजून काच धरल्यासारखी,
फक्त कडेनं.
पी-व्हॅल्यू तिनं दोनदा समजावली,
तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटली
आणि मग विचारलंच.

सत्यशीला, आमची आशाताई, म्हणाली,
‘आता कायले वो शिकून राहिल्या मॅडम?
पोरगा दहावीत हाये ना तुमचा?’
‘त्याच्याच संगं बसतो अभ्यासाले,’ म्हटलं.
तो मात्र दहालाच झोपतो.

खरं कारण रजिस्टरात आहे.
खैरीटोल्याला तीन बोड्या, चहूकडून धानाच्या बांध्या,
संध्याकाळी बोलायला तोंड उघडवत नाही इतके डास.
तरी नऊ पावसाळे
तिथली एकही काच हो म्हणाली नाही.
पलीकडच्या टोल्यात दर भादव्यात ताप.
मी शेऱ्याच्या रकान्यात प्रश्नचिन्ह काढलं होतं.
वरून लाल शाईत उत्तर आलं:
‘शेरा रकान्यात अनावश्यक खुणा करू नयेत.’

आज अर्धी रजा टाकून
तिसऱ्या बोडीच्या काठावर उभी आहे,
पांढरी तामचिनी पळी घेऊन,
साडीचा काठ खोचून, चिखल घोट्यापर्यंत.
म्हशी धुणारं पोरगं बघून बघून जवळ आलं.
‘काय शोधून राहिल्या?’
‘मालूम नाही.’
इतक्या वर्षांत हा शब्द
मी कुठल्याच रकान्यात लिहिला नव्हता.
तोंडात तो नवा लागला, थोडा तुरट.
पोरगं म्हणालं, ‘मंग बरं हाये, लवकर सरत नाही.’

पहिली पळी वर काढली.
शेवाळाचा एक दोरा, थोडं आभाळ,
अळी नाही.
वहीत लिहिलं: एक.