तह, आता फुकट

बदल एका ओळीचा होता.
"विकत घेतलंय का?" असं विचारणारी ओळ
गुरुवारी सकाळी नऊ चाळीसला मी पुसली,
आणि दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर, आमच्या ऑफिसात
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
खालून ड्रिलचा आवाज येत राहिला, तेवढंच.

चार वर्षांपूर्वी तह मीच लिहिला होता.
दूत कधी निघेल, नदी कुणाच्या वाट्याला,
ओलीस ठेवलेला राजपुत्र किती वर्षांनी घरी,
शब्द मोडला तर दंड किती पोती धान्य.
युद्धात कमावलेलं तहात गमावतात म्हणे;
मला वाटायचं, माझ्या खेळात तरी
तहात थोडं कमवावं कुणीतरी.

मग वरून किंमत आली:
बारा पौंडांना एक पेनी कमी.
तोफा, वेढे, जाळपोळ
सगळं मूळ डब्यातच.
तह मात्र वेगळा.
मीटिंगमध्ये मी काहीतरी बोलले होते.
काय, ते आठवत नाही. घराचा हप्ता आठवतो.

शेजारी गेथिन प्राइस. बस चालवायचे,
लेमिंग्टन ते कॉव्हेंट्री, एकतीस वर्षं.
आता गुडघे गेलेत, आणि हा खेळ.
दर रविवारी कुंपणावरून मला
उत्तरेच्या मिठाच्या राणीच्या कागाळ्या सांगतात:
"बाई ऐकतच नाही. तीनदा तिचं बंदर जाळलं,
चौथ्यांदा बांधलं तिनं.
कंटाळा कसा येत नाही हिला?"
मी कपडे वाळत घालत हं हं करते.

ती ऐकते, हे मला ठाऊक होतं.
तिचा दूत दर हिवाळ्यात खोगीर चढवतो, निघतो,
आणि माझ्या त्या ओळीपाशी येऊन थांबतो.
पुढे यायला पेन्शनीतले बारा पौंड लागतात.
हे मी प्राइसना कधी सांगितलं नाही.
एका नाताळात मनात आलं होतं, आपणच घेऊन द्यावा.
मग शॉर्टब्रेडचा डबा दिला.

स्लाउहून भाचा, ओजस, चिडलेला:
"मावशी, मी पैसे दिले होते ना, पहिल्याच दिवशी?
मग ते कशाचे?"
फुकट ते पौष्टिक, असं म्हणणार होते,
पण त्याचं कुठे फुकट होतं.
चार वर्षं तू शांततेत राहिलास, त्याचं भाडं समज,
असं टाइप केलं
आणि पुसलं.

शनिवारीच प्राइस कुंपणाशी,
रविवारची वाट न बघता.
पायात स्लीपर, हातात गार झालेला चहा.
"तिचा माणूस आलाय."
"कुणाचा?"
"मिठाच्या बाईचा. पांढऱ्या घोड्यावरून.
म्हणते, बंदर अर्धं अर्धं."
"मग?"
"मग काय. कॉम्प्युटर तसाच चालू ठेवलाय.
कालपासून दारात उभा आहे तो."

हो म्हणा की, मी म्हणाले.
डावीकडचं बटण.
(ते डावीकडे कुणी ठेवलं, हे गिळलं.)

प्राइसनी कप कुंपणाच्या खांबावर ठेवला.
"बाराव्या वर्षी चारशे जहाजं होती तिची.
मी मोजली होती, जळताना.
हा तेव्हा आला असता तर?"

कुंपणाची एक फळी सैल आहे, वाऱ्यानं वाजते.
दोघंही तिच्याकडे बघत राहिलो,
जसं काही आज ती ठोकायचीच होती.

तहात सोळा कलमं आहेत. सगळी माझी.
रात्री पुन्हा वाचून काढली.
चारशे जहाजांचं काही नाही त्यात.

पलीकडे त्यांच्या खिडकीत अजून निळा उजेड.
म्हणजे दूत उभाच आहे.
उभं राहायला त्याला मीच शिकवलं.
बसायला शिकवायचं राहून गेलं.