एवढ्यापुरते वगळून

कंपनीत माझ्या नावावर एक शेअर होता
आणि सहीच्या जागी पेन्सिलीची फुली.
हे कागद ओट्यावर ठेवायचे,
मी कणकेचा हात पुसून सही करायची.
बावीस वर्षे मी संचालक होते
बेतूल आइस प्रायव्हेट लिमिटेडची,
आणि कुटबणच्या धक्क्यावर गेले असेन दोनदा.
अमोनियाच्या वासाने डोके धरले होते.

कंपनी आधी गेली, हे नंतर.
पणजीहून पत्र आले होते,
नाव नोंदवहीतून काढून टाकले आहे म्हणून.
ह्यांनी ते विजेच्या बिलांत खोचले
आणि मला म्हणाले, चवथीच्या माटोळीचे बघ.

मडगावला जिन्याखाली वकील मेनेझिसांचे ऑफिस.
ते म्हणाले, कंपनी विसर्जित झाली आहे.
मला उगाच साळ नदीचा काठ दिसला,
आणि रिकाम्या पाटावरून
घरी परत आणतात ती मूठभर वाळू.

येणे एकच उरलेले.
कायतान फुर्तादो, ट्रॉलर सांत आंतोन,
दोन लाख शहाऐंशी हजार चारशे.
खातेवहीत नुसत्या तारखा आणि लाद्या,
चाळीस लाद्या, पंचावन्न लाद्या,
कधी पहाटे तीनला, ह्यांच्या झोपाळू अक्षरात.
तो बर्फ बांगड्यांखाली तेव्हाच विरघळला.
आकडा तेवढा कोरडा राहिला.

कंपनीच नाही तर मागायचे कोणी?
मेनेझिसांनी जाड पुस्तक माझ्याकडे फिरवले,
ओळीखाली नख धरले.
कंपनी संपली असे समजावे,
येणे वसूल करणे
आणि देणे चुकते करणे
एवढ्यापुरते वगळून.

मी ते तीनदा वाचले.
दहाव्याला कावळा शिवत नव्हता,
भावोजी पिंडापाशी वाकून एकेक कबूल करत होते,
घर सांभाळू, वेणूचे शिक्षण करू,
आंब्याची झाडे विकणार नाही.
बर्फाचे कोणी बोलले नाही.
दुपारी दर्भाचा कावळा करून शिववला.

मुदत तीन वर्षांची, अडीच गेलेली.
पैसे मागाहून, मेनेझिस म्हणाले,
आधी त्याची सही आणा.

बेतूलच्या बसमध्ये खातेवही मांडीवर होती.
कायतान जाळे शिवत होता,
दातात दोरा, म्हणून आधी नुसती मान हलवली.
मग म्हणाला, बाय, बुडवायचे मनात नव्हते.
शेट गेले, फॅक्टरीला कुलूप,
कोणाच्या हातात ठेवायचे तेच कळेना.
मी पान उघडले. बसमध्येच मारून ठेवली होती
पेन्सिलीची फुली.
त्याने एकेक अक्षर ओढत सही केली,
खवले चिकटलेल्या बोटांनी,
आणि वीस हजार मोजून दिले.

ते भरायला गेले तर
बँकेतला मुलगा म्हणाला, खाते गोठलेले आहे.
ह्यांना सांगायला हवे होते.
शेवटच्या दोन वर्षांत मशीन बिघडले तेव्हा
एक लादी धड गोठत नव्हती.

रात्री वही मागून उघडली.
मागच्या बाजूने देणे लिहायची ह्यांची रीत.
शिवाप्पा हडपद, लाद्या फोडणारा,
तीन महिन्यांचा पगार, एकावन्न हजार.
त्याखाली मीटरचे थकलेले, वेल्डरचे सातशे.
त्याखाली माझे नाव, मानधन, आणि आडवी रेघ.

म्हणजे वाक्यात तो ‘आणि’ आहेच.
पहिल्या वाचनात तो दिसला नव्हता,
दुसऱ्या वाचनात दिसला
आणि मी पुढे गेले होते.

शिवाप्पा आता हावेरीकडे असतो म्हणे.
नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर आहे, एक आकडा पुसट,
तीन किंवा आठ.
आठ लावून पाहिला, कोणी बाई कानडीत बोलली.
उद्या तीन लावीन.
पानावर त्याच्या नावापुढे
मी फुली मारून ठेवली आहे.