रकाना सात

दोंडाईचा, एप्रिल. बाजार उठलाय,
मिरचीची धूळ अजून पंख्याबरोबर फिरते आहे
आणि आस्थापना विभागात मी शिंकत शिंकत
टाइप करते आहे: सुरक्षित कर्मचारी पुरस्कार,
वर्ष पहिले. अपघात: शून्य.

रकाना एक, नाव: उखर्डू दगा सैंदाणे.
आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईने
याला उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं.
मरणाला वाटावं, टाकून दिलेलं आहे, कशाला न्या.
रकाना दोन, पद: सफाई कामगार.
तीन, सेवा: सव्वीस वर्षं.
चार, पाच, सहा सोपे.
सात: पुरस्कारास पात्र ठरवणारे उल्लेखनीय काम.

इथे बोटं थांबतात.

पोळ्यानंतरची दुपार होती.
स्टेशन रोडचा चेंबर तुंबलेला,
नगरसेवकाच्या ओट्याला पाणी लागलेलं,
साहेबांचा फोन तापलेला.
उखर्डूने झाकण सरकवलं, उकिडवा बसला,
बिडी न पेटवता कानावर ठेवली
आणि बघत राहिला आतल्या विटांकडे.
पाच मिनिटं. दहा.
मुकादम ओरडला तेव्हा म्हणाला,
‘झुरळं वर येतस नही. मी उतरस नही.’

एरवी झाकण हललं की
झुरळांची पळापळ होते, भिंतभर.
त्या दिवशी विटा नुसत्या विटा होत्या.
खाली जे काही होतं
त्याने झुरळंसुद्धा सोडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून मशीन आलं, दोन तासांत मोकळं.
तिसऱ्या दिवशी मी नोटीस टाइप केली, याच टेबलावर:
कर्तव्यात कसूर, वरिष्ठांच्या आदेशाचा अवमान,
दोन दिवस विनावेतन.
माणूस आत उतरवू नये, हा कायदा
माझ्याच कपाटात होता, तिसऱ्या फळीवर,
मतदार याद्यांच्या गठ्ठ्याखाली.
मला माहीत होतं.
मी स्वल्पविरामसुद्धा तपासले.

साहेब म्हणतात, काहीतरी चांगलं लिहा हो मॅडम,
‘धाडस’ टाका, पेपरवाले येणार आहेत.
धाडस भटूने केलं होतं, बारा वर्षांपूर्वी,
तेव्हाही याच कचेरीच्या हुकमाने.
त्याच्या बायकोचा अनुकंपा अर्ज
मी दर मार्चला एका फायलीतून काढून
दुसरीत लावते.

आणि उखर्डूने त्या संध्याकाळी घरी जाऊन
कळण्याची भाकरी खाल्ली, ठेच्यावर तेल ओतून,
नातीला ओरडला, लवकर झोपला.
हे कुठल्या रकान्यात भरू?

शेवटी दोनच शब्द टाइप केले: उतरला नाही.
साहेबांना वाटलं, चूक राहिली आहे.
लाल पेनाने खोडून वर लिहिलं, प्रसंगावधान.

एक मे. मंडपात पत्र्याखाली पंचेचाळीस अंश.
शाल, नारळ, अकराशेचं पाकीट.
कापलेला पगार दोन हजार एकशे साठ;
वजाबाकी मी टाळ्या वाजवता वाजवता केली.
नोटीस सेवापुस्तकात तशीच आहे.
ती काढायला वेगळा ठराव लागतो,
प्रमाणपत्राची प्रत तिच्यावरच लागेल,
त्याच दोन भोकांत, त्याच नाडीत.

माइक तोंडापुढे आला तेव्हा
घामाने चिकटलेली शाल मानेवरून सोडवत तो म्हणाला,
‘मी काही कयं नही. झुरळं उनात नही.’
लोक हसले. कुणीतरी शिट्टी मारली.
साहेब सगळ्यांत उशिरा हसले.

मंचाला उतरायला दोन फळ्या होत्या, विटांवर टेकवलेल्या.
पाहुणे धडाधड उतरून गेले.
उखर्डू नारळ काखेत घेऊन थांबला,
पहिली फळी पायाच्या बोटांनी दाबून पाहिली,
पुन्हा एकदा दाबली,
मग वजन टाकलं.