अकरा बेदाणे

तासगावात, बेदाण्याच्या शेडला लागून
नदाफ मास्तरांच्या बँडची खोली.
खुंट्यांना टांगलेलं पितळ,
एका ट्रंपेटच्या तोंडात कोंबलेला रुमाल,
आणि टेबलावर माझे सात कागद.

तीन रात्री जागून लिहिले होते.
येसबा वायदंड्यांची हलगी, ऐकली तशी,
मोबाइलवर पुन्हा पुन्हा मागं नेऊन:
पाव मात्रा, पावाचाही पाव,
टिपरूची काडी कडेला घसरते तो आवाजसुद्धा
जागच्या जागी.

मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.
कागद डोळ्यांशी नेला. मग हातभर लांब धरला.
"बरोबर आहे," म्हणाले,
"पण वाचणार कोण?
माझा अमीन दिवसभर केळीच्या गाड्या खाली करतो.
संध्याकाळी वरातीत,
जनरेटरच्या उजेडात,
घोड्याची लीद चुकवत वाचणार आहे तो हे."

खिशातून बेदाणे काढून
त्यांनी टेबलावर टाकले.
"किती?"
मी बोट ठेवून मोजू लागलो.
त्यांनी तळहातानं सगळे विस्कटले, पुन्हा मांडले.
चार.   चार.   तीन.
"आता?"
अकरा.
"मोजलेस?"
नाही.
"मग झालं तर."

आणि मधल्या चारांतले दोन
उचलून तोंडात टाकले.
नऊ उरले,
तरी गेलेल्या दोघांच्या जागा
मला स्पष्ट दिसत होत्या.
डिप्लोमाच्या दोन वर्षांत
थांबा कसा लिहायचा ते
कुणी इतकं गोड करून सांगितलं नव्हतं.

"मात्रा झाकायची नाही," ते चघळत म्हणाले.
"लांबवलेला सूर उंबऱ्यावरून फरफटत नेलास
की उंबरा दिसेनासा होतो, माणूस अडखळतो.
उंबऱ्याशी तोड त्याला. वरून कमान टाक.
कानाला एकच ऐकू जाईल,
डोळ्याला दोन पावलं दिसतील."

मी पुन्हा लिहिलं.
सातांचे दोन कागद झाले.
पुष्कळ पांढरं राहिलं,
त्याची आधी मला लाजच वाटली.

येसबा आले ते संध्याकाळी.
अक्षराशी त्यांची ओळख नाही.
कातड्यावरून फिरवावा तसा
कागदावरून हात फिरवला.
"ह्यात मी कुठं हाय?"
दाखवलं.
"आन् ही कावळ्याची पिसं?"
तिथं तुम्ही वाजवत नाही, म्हटलं.
"न वाजवल्यालं बी लिवतूस?"
आणि हसले, खोकला येईपर्यंत.

हवा दमट. हलगी उतरलेली.
त्यांनी इकडंतिकडं पाहिलं,
माझे आधीचे सात कागद उचलले,
दारात पेटवले
आणि त्या जाळावर हलगी शेकू लागले.
पाव मात्रा, पावाचाही पाव
भुरूभुरू जळत गेलं.
कातडं ताणलं. एक थाप मारून पाहिली.
"वाया न्हाई गेलं बग," म्हणाले.

मग अमीननं नवे कागद समोर ठेवले.
केळीच्या चिकानं काळी झालेली बोटं,
दोन काड्या, ड्रम.
एकदाही न अडखळता
पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

मास्तर माझ्याकडं बघून मिशीत हसले.
येसबा दाराच्या चौकटीला टेकून
ऐकत राहिले. राख निवली.
"माझंच हाय," शेवटी म्हणाले.
"खोट न्हाई काडत.
पर जेवून वाजवल्यागत वाटतंय."

कुणी काही बोललं नाही.
"आमाला पंगत उठल्याव वाढायचे," ते म्हणाले,
"तवर वाजवायचं. वास घेत."

शेडमध्ये कुणीतरी रिकामे क्रेट
एकात एक घालत होतं.
मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढली,
पहिल्या ओळीच्या माथ्यावर,
जिथं लय किती ते लिहितात,
तिथं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

जेवणाआधी.