उणे तीन पूर्णांक चार

पेन म्हणतात त्याला.
लिहीत काही नाही.
रात्री आठला मांडीवर टेकवायचं,
बटण दाबून हळू मोजायचं,
आणि वापरलेली सुई लोणच्याच्या रिकाम्या बरणीत.
बरणीवर नातवाने कवटी काढलीय, दात मोजून सोळा.

फ्रीजमध्ये त्याची जागा ठरलेली,
आगळाच्या बाटलीला खेटून.
खालच्या कप्प्यात बांगडे.
सून म्हणते, आये, वास लागेल औषधाला.
लागू दे.
माझ्या हाडांच्या ओळखीचाच आहे तो.

शिमग्याच्या आधी, हर्णैच्या बंदरावर
लिलावातून कोळंबीची पाटी उचलली
आणि पाठीत कट्कन झालं,
सुकी काटकी पायाखाली यावी तसं.
पाटी टाकली नाही.
आधी गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले, मोजले,
मग बसले वाळूत.
परत उठवायला तीन बाया लागल्या.

रत्नागिरीच्या मशीनखाली झोपवलं.
दुखलं नाही, खुपलं नाही,
वरून नुसता एक हात सरकत गेला
आणि कागदावर आकडा उतरला : उणे तीन पूर्णांक चार.
मी विचारलं, उणे म्हणजे?
चाळीस वर्षं बोली लावली,
उण्यात कधी कुणी बोलला नाही.
डॉक्टरने आतल्या हाडाचं चित्र दाखवलं.
मी म्हटलं, हा तर जांभा!
आमच्या घराची भिंत अशीच, भोकाभोकांची.
पण चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो,
वारा खाऊन घट्ट होतो.
मी तर साठ वर्षं वाऱ्यातच उभी होते, डॉक्टर.
त्याने चष्मा पुसला
आणि गोळी नको, सुई घ्या, म्हणाला.

एका पेनात अठ्ठावीस दिवस.
एका पेनाच्या पैशात किती सुरमई, ते सांगत नाही,
घरात पुन्हा भांडण होईल.
पहिल्या आठवड्यात टोचलं की घर होडीसारखं हलायचं,
खाटेची कड धरून बसायचे.
होडीत कधी चक्कर आली नाही मला.

परतीच्या पावसात दोन दिवस लाईट नव्हती.
पोरगा बर्फाच्या कारखान्यावर गेला.
भुशातली उरलीसुरली लादी रऊफने फोडून दिली,
पैसे घेईना.
म्हणाला, पापलेटाला देतो, चाचीला नको?
पण गोठवायचं नाही, नर्सबाईने तीनदा बजावलेलं.
म्हणून जुन्या लुगड्याच्या चार घड्या,
मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत मधोमध पेन,
आणि रात्रभर मी बॅटरी मारून बघत होते,
तान्ह्या पोराचा श्वास बघावा तशी.

दर महिन्याला सून मला चौकटीशी उभी करते,
टाचा लाव, मान वर, म्हणते,
आणि डोक्यावर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारते.
त्याच चौकटीवर नातवाच्या रेघा.
तो चढतोय, श्रावणातल्या वेलासारखा.
माझी रेघ दोन बोटं खाली आली होती,
ती तिथेच आहे. आठ महिने.
थांबली, हेच पुष्कळ, असं डॉक्टर म्हणतो.
साडीच्या निऱ्या मात्र अजून पायात येतात.

वर्षाने पुन्हा तोच सरकता हात.
उणे तीन.
तेरा पेनं, बरणी दोनदा भरून आशाताईने नेली,
आणि हाती चार दशांश.
एसटीत कागद उलटसुलट बघत होते.
चार दशांशात काय येतं? चिमूटभर चुना.
नातवाला विचारलं, उणे म्हणजे रे काय?
शून्याच्या खाली, आजी. पाणी मागे जातं ना, तसं.
ओहोटी म्हणायचं मग सरळ.
ओहोटीत चालायला मला कुणी शिकवू नये.
खडकावरची कालवं ओहोटीतच हाताला लागतात,
फक्त पाय बघून टाकायचा,
आणि पाणी कधी फिरतं त्यावर कान ठेवायचा.

आता बंदरावर स्टुलावर बसते.
पाटी कुमुदिनीची पोर उचलते,
मी नुसती बोलते, आणि भाव माझाच लागतो.
आणखी एक वर्ष हे, मग दुसरी सुई,
सहा महिन्यांतून एकदा.
तिलाही फ्रीजच लागतो.

आठ वाजले.
पदर खोचला, मांडी पुसली.
मोजतेय :
एक, दोन, तीन, चार...
पाचावर दारात कुणीतरी हाक मारतं,
आये, सोडे आहेत का?
आहेत. थांब. हाडं भरतेय.